एका मांडवातली दोन घड्याळं

घड्याळाचं मागचं झाकण कांदा कापायच्या सुरीने उघडू नये. उघडायचंच असेल तर मोरीच्या कट्ट्याजवळ उभं राहून उघडू नये. आणि तेही करायचंच असेल तर निदान घड्याळ स्वतःचं असावं, वडिलांचं असू नये. मी या तिन्ही गोष्टी एकाच सकाळी केल्या, दात घासता घासता.

कारण काय, तर घड्याळ पाच मिनिटं पुढे होतं. मला वाटलं, जुनं यंत्र आहे, आत काहीतरी ढिलं झालं असेल, बघू या. बाबा ते मुद्दाम पाच मिनिटं पुढे ठेवत, उभं आयुष्य ठेवत आले होते, आणि हे घरात मांजरालाही ठाऊक होतं. चावी बाहेर ओढून काटे मागे घेतले असते तर काम झालं असतं. पण मी सुरी घेतली. झाकण टणकन उडालं, घड्याळ हातातून सुटलं, कट्ट्यावर आपटलं आणि मोरीत जाऊन पडलं. उचलून कानाला लावलं. काही नाही. टूथपेस्टचा फेस तोंडात तसाच ठेवून मी बराच वेळ ऐकत उभा होतो.

बाबा गेल्याला तेव्हा काही महिने झाले होते. हॉस्पिटलमध्ये नर्सने त्यांच्या वस्तू प्लास्टिकच्या पिशवीत घालून दिल्या: चष्मा, दातांची कवळी, घड्याळ. घड्याळ चालू होतं. डॉक्टरांनी कागदावर लिहिलेली वेळ आणि घड्याळातली वेळ यांत अर्थातच फरक होता. बाबांच्या घड्याळाप्रमाणे ते पाच मिनिटं जास्त जगले. हे मी तिथल्या तिथे मेहुण्याला सांगितलं, हसतच सांगितलं, आणि तो माझ्याकडे बघत राहिला. त्या दिवसापासून मी असाच होतो. भेटायला येणाऱ्यांना चहा द्यायचो, त्यांच्या चपला सरळ करायचो, मध्येच एखादा विनोद करायचो. आतून काहीच हलत नव्हतं. एखाद्या हातावर झोपून उठावं आणि तो हात दुसऱ्याचा वाटावा, तसं सगळं वाटायचं. मुंग्या मात्र आल्या नाहीत. नुसताच बधिर हात.

घड्याळाला रोज सकाळी चावी द्यायचं काम आईने माझ्याकडे दिलं होतं. ती चहाबरोबर घड्याळ पुढे करायची, मी चावी द्यायचो, ती ते परत बाबांच्या फोटोपुढे ठेवायची. मोरीच्या प्रकारानंतर मी तिला सांगितलं, ऑइलिंगला दिलंय. ती म्हणाली, बरं केलंस. मग थोड्या दिवसांनी म्हणाली, वर्षाच्या आत आण.

आमच्याकडे माणूस गेल्याला वर्ष झालं की जेवण घालतात आणि गेलेल्याच्या जागी एक माणूस बसवतात. त्याच्याच वयाचा असेल तर बरं. त्याला नवं धोतर, टोपी, उपरणं द्यायचं. त्याच्यापुढे पान मांडायचं आणि पानाशेजारी एका ताटात गेलेल्याच्या रोजच्या वस्तू ठेवायच्या. तो जेवला की गेलेला माणूस जेवला. मामांनी दोन-तीन जण सुचवले, बाबांच्या लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या दिवसांतले. आईने सगळे नाकारले.

"दाजी बसतील," ती म्हणाली.

मामांचा हात ताटात तसाच राहिला. दाजी म्हणजे माझ्या मोठ्या मावशीचे यजमान, माझे काका. बाबांचे सख्खे साडू. बाबांशी ते शेवटचं कधी बोलले, ते मला आठवण्याइतकं वय माझं तेव्हा नव्हतं. बाबांना खांदा द्यायला आले होते, तेही काही न बोलता. मामांनी विचारलं की का, दुसरं कुणी नाही का. आई भाजी वाढत होती. तिने डाव खाली ठेवला आणि म्हणाली:

"ह्यांचं घड्याळ चालू हाय, हे त्यांनी बघायला पाहिजे. ताटात ठेवीन मी. त्यांच्या उजव्या हाताला."

मग माझ्याकडे वळून म्हणाली, बंद घड्याळ ताटात गेलं तर मी त्या दिवशी जेवणार नाही.

आता हे भांडण सांगायला हवं, नाहीतर आई विक्षिप्त वाटेल, आणि ती तशी नाही.

आई आणि मावशी यांची लग्नं माझ्या आजोळी, शेलार गावात, एकाच मांडवात झाली. आजोबांनी दोन्ही जावयांना सारखं घड्याळ घातलं. त्या काळी आमच्याकडे जावयाला घड्याळ म्हणजे ठरलेलंच, आणि त्या सीझनला बाजारपेठेतल्या दुकानदाराने सरकारी कारखान्यातून एकच माल भरलेला होता: पांढरी तबकडी, काळे आकडे, रोज चावी द्यायचं. त्यामुळे त्या वर्षी आसपासच्या गावांत जेवढी लग्नं लागली तेवढ्या जावयांच्या हातात हेच घड्याळ असणार. लग्नानंतर दोघा साडूंनी भिवंडीत मिळून एक गाळा भाड्याने घेतला आणि त्यात लूम टाकले. दिवसाची शिफ्ट बाबांची, रात्रीची काकांची. सकाळी सातला आणि संध्याकाळी सातला बदली.

बाबांचं घड्याळ पाच मिनिटं पुढे. त्यांच्या हिशेबाने काका रोज संध्याकाळी उशिरा येत. काकांचं घड्याळ बरोबर, निदान त्यांच्या मते बरोबर. त्यांच्या हिशेबाने ते रोज वेळेवर येत. बरेच महिने यावर चेष्टा चालली. मग एका संध्याकाळी बाबांनी आपल्या घड्याळात सात वाजल्याबरोबर टॉवेल खांद्यावर टाकला आणि ते बाहेर पडले. काका त्यांच्या सातला आले. मधल्या वेळात लूम चालूच होते आणि बघायला कुणी नव्हतं. एका लूमचा आडवा धागा नेणारा धोटा मध्येच अडकला आणि फणीने उभ्या धाग्यांचा अख्खा ताणा फाडून काढला. सूत गुंडाळलेला सगळा बीम म्हणजे गुंत्याचा ढीग झाला. दुसऱ्या दिवशी सूत देणारा शेठ आला, त्याने विचारलं की त्या वेळी ड्युटी कुणाची होती. दोघांनी मनगटं पुढे केली.

रेडिओ लावला असता तर निकाल लागला असता. शेजारच्या गाळ्यात रेडिओ होता. कुणी लावला नाही. मला वाटतं, दोघांनाही निकाल नको होता. गाळा सुटला, लूम गेले, काका अंबाडीकडे आपल्या गावी परत गेले आणि शेती करू लागले. बाबा दुसऱ्याच्या कारखान्यात जॉबर झाले, बिघडलेले माग दुरुस्त करायला. पण घड्याळ दोघांनी सोडलं नाही. बाबा तर निवृत्त झाल्यावरही, कुठेही जायचं नसताना, पाच मिनिटं पुढेच राहिले. आईने ते सगळं त्यांच्या शेजारी बसून पाहिलेलं होतं. त्यामुळे तिचं म्हणणं सोपं होतं: माणूस गेला, ठीक आहे, त्याचं घड्याळ हरता कामा नये.

आणि ते घड्याळ मी मोरीत पाडलं होतं.

मंडईच्या मागे एक घड्याळवाले चाचा बसतात. घड्याळवाले म्हणायचं इतकंच. धंदा सगळा मोबाइलच्या कव्हरचा आणि रिमोटच्या सेलचा. डोळ्याला भिंग लावून त्यांनी आत पाहिलं आणि सांगितलं की बॅलन्सचा दांडा तुटलाय. घड्याळात जे चाक डावीउजवीकडे डोलत असतं, त्याचा आस. केसाएवढा. नवा मिळत नाही, कारखाना बंद पडून जमाना झाला. तसंच दुसरं घड्याळ आणा, त्यातून काढतो. मग त्यांनी झाकणावरचे सुरीचे ओरखडे बघितले आणि विचारलं, हे कुठल्या दुकानात उघडलं. मी म्हटलं, होतं एक. ते म्हणाले, उस दुकान में वापस मत जाना.

मी कशेळीला एका गोडाऊनमध्ये कामाला आहे. दुसऱ्या कुणाच्या घरी काय हवं ते आमच्याकडून जातं. मच्छरदाणी, कुत्र्याचं खाणं, झोपाळा, एका बाईसाठी एकदा नुसते चमचे आले होते, प्रत्येक चमचा वेगळ्या खोक्यात. दिवसभर मी हातात स्कॅनर धरून हे सगळं पुढे ढकलतो. मला वाटलं, केसाएवढा दांडा म्हणजे काय मोठं. मी फोनवर शोधायला लागलो, आणि खरं सांगायचं तर मला ते बरं वाटलं. लोक विचारायचे, काय चाललंय, तर माझ्याकडे सांगायला काहीतरी होतं. वडील गेलेत असं सांगण्यापेक्षा पार्ट शोधतोय हे सांगणं सोपं होतं.

पहिलं घड्याळ मागवलं ते फोटोत तंतोतंत बाबांचं होतं. पार्सल आमच्याच गोडाऊनमधून फिरलं, मी स्वतः ते स्कॅन केलं, माझ्याच हातांनी माझ्याच पत्त्यावर पाठवलं. घरी येऊन उघडलं, चाचांकडे नेलं. त्यांनी झाकण काढून ते मला दाखवलं. आत सेल होता. तबकडी तेवढी जुन्यासारखी रंगवलेली. दुसऱ्यात सेल नव्हता, यंत्रच होतं, पण बायकांच्या घड्याळाचं. मोठ्या डबीत बारकं यंत्र, भोवती कागद कोंबलेला. तिसऱ्या वेळी मी शहाणा झालो. जुन्या घड्याळांच्या शौकिनांचा एक ग्रुप असतो फोनवर, त्यात मी आमच्या तुटलेल्या दांड्याचा फोटो टाकला आणि लिहिलं, हा पार्ट पाहिजे. बऱ्याच लोकांनी हसण्याच्या खुणा पाठवल्या. एकाने शेवटी दया येऊन लिहिलं की भाऊ, हा पट्टा अडकवायचा पिन आहे.

भंगारवाल्यांकडेही गेलो. एकाने डालडाच्या जुन्या डब्यात साठवलेली मेलेली घड्याळं माझ्यापुढे ओतली, जशी कोळीण टोपलीतून जवळा ओतते. मी उकिडवा बसून निवडत होतो. मागून एक ओळखीचा गेला, त्याने मोटरसायकल थांबवून विचारलं की नोकरी सुटली काय.

मग डोक्यात आलं की त्या सीझनचे बाकीचे जावई आहेत की. त्यांच्या घरी जावं. हे मी दोन-तीन रविवार केलं. बहुतेक जावई गेलेले होते. एका घरी मुलगा म्हणाला की बाबांच्या हातातून घड्याळ काढलंच नाही, तसंच जाऊ दिलं. दुसऱ्या घरी म्हाताऱ्याने मला बसवून घेतलं, चहा पाजला, आपल्या लग्नाची सगळी हकिकत सांगितली आणि शेवटी घड्याळ बाहेर काढलं. ते भिंतीवरचं होतं.

त्याच म्हाताऱ्याने लग्नाचा फोटो दाखवला. त्या काळी नवरदेव फोटोत बसताना डावा हात गुडघ्यावर असा ठेवायचा की मनगट कॅमेऱ्याकडे राहील. लग्नाच्या फोटोत नवरीचा चेहरा एकवेळ दिसणार नाही, घड्याळ दिसणार. तो फोटो बघताना मला आमच्या घरातला फोटो आठवला. त्यात दोन नवरदेव आहेत, शेजारी शेजारी, दोघांचे हात गुडघ्यांवर, दोन सारखी घड्याळं. इतके दिवस मी भिवंडी पालथी घातली आणि दुसरं घड्याळ सख्ख्या मावशीच्या घरी होतं. ते आठवायला मला परक्याचं लग्न बघावं लागलं.

मी अंबाडीची एसटी पकडली. काका शेतावर असतील अशी वेळ साधून गेलो. तिथून पुढे रिक्षाने मावशीचं घर. मावशीने मला बघून डोळ्यांना पदर लावला, मी नेहमीप्रमाणे हसतमुख. तिने भाकरी केली, बोंबलाची चटणी वाढली आणि बाबांच्या आठवणी काढायला लागली. मी मान हलवत होतो आणि घड्याळाचं कसं काढावं ते बघत होतो. मला एवढाच बेत सुचला होता की काकांचं घड्याळ बघायला म्हणून मागायचं आणि पुढचं पुढे.

ते मला काढावंच लागलं नाही. मावशीनेच आजूबाजूला बघितलं, घरात आम्ही दोघंच होतो, तरी बघितलं, आणि आवाज खाली आणला.

"तुजा भिवंडीत घड्याळवाला कोन वळखीचा हाय का रं?"

मी म्हटलं, आहे एक. का?

"ह्यांचं बंद पडलंय. कवाचंच. कोनाला सांगत न्हायत. कपाटात ठेवलंय नि म्हनतात जपून ठेवलंय. आता तुज्या आयनं बसायला बोलवलंय, तर ते हातात घालून येनार म्हनतात. बंदच घालून येनार." तिने कपाळाला हात लावला. "तुजा बाप फोटोतून हसंल रं. त्या दिवसापावतर चालू करून दे. माजं एवढं कर."

मी घास तोंडात घेऊन बसलो होतो. दोन बहिणी, दोघींनी एकाच दिवसाची वेळ धरलेली, दोघींना एकमेकींचं ठाऊक नाही, आणि मध्ये मी. मी तिला खरं सांगायला हवं होतं. मी म्हटलं, देतो की.

तिने घड्याळ आणून दिलं, चामड्याच्या पट्ट्याचं, आणि पट्टा बाजूला करून मला एक खाच दाखवली. पट्टा जिथे अडकतो तिथे डबीच्याच कडेला, आतल्या अंगाने. त्या संध्याकाळी अडकलेला धोटा ओढून काढताना काकांचा हात फणीवर आपटला, तेव्हाची. "बोलत बसलं ना, का आंगठा त्या खाचंवरच जातो त्यांचा," मावशी म्हणाली. मी म्हटलं, हो का. मग एसटीची वेळ झाली.

चाचांनी काकांचं घड्याळ उघडलं. बॅलन्स ठणठणीत. बाकी सगळं गंजलेलं. कपाट ओल धरलेल्या भिंतीला असणार. म्हणजे बाबांच्या घड्याळात बॅलन्स सोडून सगळं शाबूत आणि काकांच्या घड्याळात बॅलन्स सोडून काहीच नाही. चाचा म्हणाले, दोन मिळून एक होईल. दुसरं गेलं समजा. मी विचारलं, दोन्ही नाही का होणार? त्यांनी डोळ्याचं भिंग काढून माझ्याकडे बघितलं.

त्याच वेळी ठरवून टाकायला हवं होतं की बॅलन्स बाबांच्या घड्याळात घाला. माझी इच्छाही तीच होती. पण मावशीचा कपाळावरचा हात मधे आला, मी विचार करून सांगतो म्हटलं आणि कामाला गेलो. आणि चाचांचा फोन आला तो नेमका ट्रक लागलेला असताना. पार्सलांचा पट्टा चालू, मागे ट्रकचा रिव्हर्सचा आवाज, सुपरवायझर माझ्या नावाने ओरडतोय.

"एक का ढक्कन बैठता नहीं," चाचा म्हणाले. "सुरी से टेढ़ा हो गया है. मशीन किस के डिब्बे में डालूँ?"

"जो चलेगा, उसमें डालो," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

संध्याकाळी गेलो तेव्हा चाचांनी दोन घड्याळं पुढे ठेवली. एक चालत होतं. बाबांचं यंत्र, काकांचा बॅलन्स, आणि बाहेरून काकांची डबी, कारण बाबांच्या डबीचं झाकण मी वाकडं केलं होतं. दुसरं बंद. बाबांची डबी, आत काकांचा गंज. मी चालणाऱ्या घड्याळाला बाबांचा स्टीलचा पट्टा बसवून घेतला आणि बंद घड्याळाला काकांचा चामड्याचा. दोघांची तबकडी सारखी, आकडे सारखे. चाचांनी मला एकदाच विचारलं की हे काय चाललंय. मी म्हटलं, घरगुती आहे.

घरी आईने चालणारं घड्याळ कानाला लावलं आणि बराच वेळ काढलं नाही. मग चावी ओढून काटे पाच मिनिटं पुढे केले. मला वाटलं होतं की तिला तसं बघून मला काहीतरी होईल. मी वाट बघितली. मग भूक लागली होती म्हणून जेवलो.

वर्षाच्या दिवशी काका आणि मावशी सकाळीच आले. काकांचं मनगट मोकळं होतं. मावशीने मला स्वयंपाकघराच्या दारात गाठलं आणि नुसत्या डोळ्यांनी विचारलं. मी नुसत्या मानेने सांगितलं, नाही झालं. तिने मान खाली घातली. बंद घड्याळ माझ्या पँटच्या खिशात होतं, चालताना मांडीला लागत होतं.

आईने काकांना पाटावर बसवलं. नवं धोतर, नवी टोपी. काका टोपीत बाबांसारखे मुळीच दिसत नव्हते. पान वाढलं गेलं. मग आईने ताट आणून ठेवलं, त्यांच्या उजव्या हाताला, म्हटल्याप्रमाणे. चष्मा, तंबाखूची डबी, आणि घड्याळ. घर शांत होतं, त्यामुळे ते नीट ऐकू येत होतं. आई समोर उभी राहिली. एवढं ताठ उभं असलेलं मी तिला वर्षभरात पाहिलं नव्हतं.

काकांनी घड्याळाकडे बघितलं. मग भाताकडे. मग घड्याळ उचललं. मला तेव्हाच कळलं की आता काय होणार, कारण त्यांचा अंगठा पट्ट्याच्या खाली, कडेला गेला, आपणहून, जसा आपला हात काळोखात बटणावर जातो. आणि तिथे थांबला. त्यांनी कुणाकडे बघितलं नाही. अंगठा एकदा पुढे, एकदा मागे. मी मावशीकडे बघितलं तर तिचाही डोळा त्या अंगठ्यावरच होता. आईला तेवढं दिसत नव्हतं, ती समोरून उभी होती.

हे आपलंच घड्याळ आहे असं त्यांनी म्हटलं असतं तर संपलंच होतं. आई त्या दिवशी जेवली नसती. पुढेही जेवली असती की नाही, ठाऊक नाही. माझ्या मनात आलं की मी काहीतरी पाडावं, तांब्या वगैरे, त्यात माझा हात बसलेला आहे. पण हात हललाच नाही.

काकांनी घड्याळ कानाला लावलं.

"बाय," ते आईला म्हणाले, "चालतंय."

आई म्हणाली, चालतंय तर.

"माजं बंद पडलंय. लई वरसं झाली." त्यांनी घड्याळ परत ताटात ठेवलं, हळूच, तबकडी वर करून. "ह्यांचंच बरोबर व्हतं."

मग ते जेवायला लागले. आई स्वयंपाकघरात गेली. तिच्या मागे मावशी गेली, आणि आतून दोघींच्या नाक ओढल्याचा आवाज आला आणि मग पुऱ्या तळल्याचा. मी पाणी वाढत होतो. काकांनी सगळं पान संपवलं, वरून भात मागून घेतला. बाबा भात दोनदा घ्यायचे. मला ते लक्षात आलं, एवढंच. आलं आणि राहिलं.

निघताना मावशी आत पिशवी भरून घेत होती, तेव्हा काका फाटकापाशी थांबले आणि त्यांनी माझ्यापुढे हात पसरला.

"माजं दे."

मी काही न कळल्यासारखा चेहरा केला. हा माझा हातखंडा आहे, पण काकांपुढे चालला नाही. हात तसाच पुढे होता. मी खिशातून घड्याळ काढून दिलं. त्यांनी ते उलटं केलं, झाकणावरून बोट फिरवलं.

"बापाचं घड्याळ," ते म्हणाले, "सुरीनं उघडलंस तू."

मी म्हटलं, हो.

"कांद्याच्या?"

मी म्हटलं, हो, कांद्याच्याच. आणि मला हसू यायला लागलं, आणि ते हसू मध्येच कुठेतरी अडकलं, वर येईना की खाली जाईना. मी फाटकाची कडी धरून उभा राहिलो. काकांनी माझ्याकडे बघायचं टाळलं, ते बरं केलं. चाचांकडे परत नेऊन काही होईल का ते बघतो, तोवर माझ्याकडे ठेवतो, असं मी कसंबसं म्हटलं. त्यांनी नको अशी मान हलवली. बाबांची बंद डबी त्यांनी आपल्या चामड्याच्या पट्ट्याने मनगटावर बांधली, दुसऱ्या हाताने आणि दातांनी. मी मदत करायला पुढे झालो तर हात मागे घेतला.

मावशी पिशवी घेऊन आली. काकांनी मनगट वळवून बंद घड्याळात बघितलं, नीट बघितलं, भिंतीवर कॅलेंडर बघावं तसं.

"चला," ते म्हणाले, "उशीर झाला मला."